शनिवार-रविवारी नागपूर विद्यापीठ आणि आजूबाजूचा परिसर: नवागतांसाठी मार्गदर्शन

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात पहिल्यांदा येणारा विद्यार्थी एक मोठे प्रवेशद्वार आणि त्याच्या आत सगळे विभाग, ग्रंथालय, वसतिगृहे व कार्यालये अशी कल्पना मनात घेऊन येतो, आणि तिथेच त्याची पहिली फसगत होते. हे विद्यापीठ एका कुंपणात मावलेले नाही. सीताबर्डीपासून अमरावती मार्गाने वाडीच्या दिशेला जाताना त्याच्या इमारती चौकाचौकांत भेटत राहतात, आणि मधल्या जागेत बाजार, वस्त्या, मैदाने, कृषी महाविद्यालयाची शेती व दोन तलाव येतात. त्यामुळे प्रवेश घेण्याआधी किंवा घेतल्याबरोबर एक शनिवार-रविवार मोकळा ठेवून हा सगळा पट्टा स्वतः फिरून पाहावा. कोणत्या कामासाठी कुठे जायचे आणि राहायचे कुठे, या दोन प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळतात आणि पुढच्या दोन वर्षांतले बरेच हेलपाटे वाचतात.

विद्यापीठ असे विखुरलेले का, हे थोडक्यात समजून घेतले की रस्ते आपोआप लक्षात राहतात. विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली, पण इथली महाविद्यालये त्याहून जुनी आहेत. हिस्लॉप महाविद्यालय १८८३ सालचे, मॉरिस महाविद्यालय १८८५ सालचे, तर विज्ञान आणि कृषी महाविद्यालये विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. यांतली बहुतेक सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीच्या अंगाने उभी होती आणि विद्यापीठ होण्यापूर्वी ती अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. म्हणून विद्यापीठाचे कार्यालयही आधी त्यांच्याच शेजारी आले. पुढे १९२५ मध्ये विधी महाविद्यालय, १९४२ मध्ये रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभी राहिलेली तंत्रज्ञान संस्था आणि नंतर पदव्युत्तर विभाग, असे विद्यापीठ पश्चिमेकडे सरकत गेले. शहरातून बाहेर जाताना आपण जणू विद्यापीठाच्या वयाच्या उलट्या दिशेने, जुन्याकडून नव्याकडे चालत असतो. म्हणून पहिला दिवस पश्चिमेच्या नव्या भागाला आणि दुसरा दिवस सिव्हिल लाइन्सच्या जुन्या भागाला द्यावा. उलटा क्रम लावल्यास शनिवारी विभागांत भेटू शकणारी माणसे रविवारी भेटत नाहीत.

केव्हा यावे आणि कुठे उतरावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा फिरण्यासाठी उत्तम काळ आहे. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत दुपारी अकरा ते पाच या वेळात पायी हिंडण्याचा बेत आखूच नये, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे इथे नवलाचे नाही. प्रवेशाच्या निमित्ताने उन्हाळ्यातच यावे लागले, तर सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी साडेपाचनंतर असे दोन तुकडे करावेत, डोक्याला दुपट्टा बांधावा आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्समधले अनेक रस्ते बंद किंवा वळवलेले असतात आणि हॉटेलांची भाडेही वाढलेली असतात, तेव्हा तारखा पाहूनच यावे. दसऱ्याच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी लाखो अनुयायी दीक्षाभूमीवर येतात. तो सोहळा पाहण्यासारखा असतो, परंतु खोली शोधण्यासाठी ते दिवस सोयीचे नव्हेत.

मुक्कामासाठी सीताबर्डी, रामदासपेठ किंवा धरमपेठ यांपैकी एखादा भाग निवडावा. सीताबर्डीला मेट्रोच्या दोन्ही मार्गिका एकत्र येतात. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही उत्तर-दक्षिण मार्गिका आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर ही पूर्व-पश्चिम मार्गिका. रेल्वेने येणाऱ्याला स्थानकावरूनच पूर्व-पश्चिम मार्गिकेची मेट्रो मिळते. एक गोष्ट मात्र आधीच सांगितली पाहिजे, की अमरावती मार्गावरून मेट्रो जात नाही. ती अंबाझरीच्या बाजूने, हिंगणा मार्गाकडे जाते. त्यामुळे शंकर नगर चौक स्थानकावर उतरून पुढे ऑटोने रामनगर किंवा रवी नगर गाठावे लागते, किंवा सीताबर्डीहून वाडीकडे जाणारी ‘आपली बस’ पकडावी लागते. ऑटोत बसण्यापूर्वी भाडे ठरवावे. ‘भाऊ, कॅम्पसपर्यंत किती घेसान?’ एवढे विचारले, की नवखेपणाचा अंदाज बांधून सांगितलेला आकडा थोडा खाली येतो. ‘विद्यापीठ’ एवढेच सांगितल्यास मात्र चालक महाराजबागेजवळच्या जुन्या कार्यालयाकडे नेण्याची शक्यता असते, म्हणून ‘अमरावती रोडचा कॅम्पस’ असे स्पष्ट सांगावे.

शनिवार: अंबाझरीपासून फुटाळ्यापर्यंत

सकाळची सुरुवात अंबाझरी तलावापासून करावी. सूर्योदयाच्या वेळी इथे फिरायला येणाऱ्यांत निवृत्त प्राध्यापक, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले आणि आसपासच्या वस्त्यांतली कुटुंबे असतात, आणि ज्या भागात राहायचे आहे तिथल्या माणसांची पहिली ओळख अशा ठिकाणीच होते. याच तलावाच्या सांडव्यातून पुढे नाग नदी शहरात शिरते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या अतिवृष्टीत तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत घराघरांत पाणी शिरले. ही गोष्ट इथे सांगण्याचे कारण दुपारी खोल्या पाहताना लक्षात येईल.

तलावावरून परतताना न्याहारी तर्री-पोह्यांचीच करावी. ठेल्यावर गर्दी असेल तिथेच थांबावे, कारण तर्री सतत उकळत राहिली तरच चव धरते. कागदाच्या किंवा स्टीलच्या ताटलीत पोहे, त्यावर हरभऱ्याच्या लाल रश्श्याचा एक पळा, त्यावर चिवडा किंवा शेव, बारीक चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड. रश्श्यावर तरंगणारे तेल पाहून जे बिचकतात त्यांनी ‘तर्री वेगळी द्या’ असे सांगावे. वाटीतून हवी तेवढीच घेता येते आणि कोणी हसत नाही. पुणे-मुंबईकडून आलेल्यांनी मात्र गोडसर पोह्यांची अपेक्षा ठेवू नये.

साडेदहाच्या सुमारास महात्मा जोतिबा फुले शैक्षणिक परिसरात पोहोचावे. अमरावती मार्गावरचा हा परिसर म्हणजे विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागांचे मुख्य ठाणे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र तसेच भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांचे विभाग इथे पसरलेले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये, विद्यापीठाच्या शताब्दी वर्षात, भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन याच परिसरात भरले होते. परिसर पायी पाहावा, पण सरळ रेषेत नव्हे. आधी ज्या विभागात प्रवेश घ्यायचा आहे तो गाठावा, सूचना फलक शांतपणे वाचावा, वेळापत्रकाचे छायाचित्र काढून घ्यावे आणि शिपाई किंवा प्रयोगशाळा सहायक भेटल्यास त्यांच्याशी आदराने बोलावे. विभाग किती वाजता उघडतो, प्रमुख कोणत्या वेळी भेटतात, विभागाचे स्वतःचे ग्रंथालय आहे का, पुस्तके घरी नेऊ देतात का, ही माहिती संकेतस्थळापेक्षा त्यांच्याकडून अधिक खात्रीने मिळते. शनिवारी सर्व कार्यालये सुरू असतीलच असे धरून चालू नये. मात्र संशोधक विद्यार्थी बहुधा भेटतात, आणि त्यांच्याइतके मोकळेपणाने कोणी बोलत नाही.

दारावरच्या सुरक्षारक्षकाला ओळखपत्र दाखवून आपले काम सांगावे. भूगर्भशास्त्र विभाग कुठे आहे, असे इथे विचारले तर उत्तर येईल, ‘तो इकडे नाही न भाऊ, तो लॉ कॉलेज चौकात आहे.’ विखुरलेपणाचा हाच तो अनुभव. म्हणून परिसर सोडण्यापूर्वी वहीत एक साधा नकाशा काढावा आणि त्यात आपला विभाग, परीक्षा विभाग, प्रशासकीय इमारत, ग्रंथालय व वसतिगृह एवढ्याच पाच जागा मांडाव्यात. गुणपत्रिका, फेरमूल्यांकन, स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता प्रमाणपत्र अशी कामे वेगवेगळ्या टेबलांवर आणि प्रसंगी वेगवेगळ्या इमारतींत होतात, हे ध्यानात ठेवून प्रत्येक कामासमोर इमारतीचे नाव लिहावे.

परतीच्या वाटेवर अमरावती मार्गानेच शहराकडे यावे. भरत नगरच्या बाजूला लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एलआयटीचा विस्तीर्ण परिसर लागतो. ज्यांच्या देणगीतून ती उभी राहिली ते लक्ष्मीनारायण कामठीचे, मँगनीजच्या खाणींचे मालक. रासायनिक अभियांत्रिकी शिकवणाऱ्या देशातल्या जुन्या संस्थांपैकी ही एक असून २०२३ पासून तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळालेला आहे, तेव्हा तिथले प्रवेश आणि कागदपत्रे आता वेगळी समजावीत. पुढे रवी नगर चौकाजवळ विद्यापीठाचे क्रीडा मैदान आहे. खेळाडूंनी सकाळी किंवा संध्याकाळी तिथे डोकावून सरावाच्या वेळा विचाराव्यात. त्याहून पुढे लॉ कॉलेज चौक. इथले डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय ज्यांना विधी शाखेत जायचे नाही त्यांनीही बाहेरून का होईना पाहावे, कारण पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला यांनी इथे अध्यापन केले होते.

ज्या भूगर्भशास्त्र विभागाचा पत्ता दारावर मिळाला होता तोही इथेच. विषयाची थोडी गोडी असलेल्याने एक गोष्ट जरूर लक्षात घ्यावी, की नागपूर शहर दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या पूर्व काठावर वसले आहे. पश्चिमेकडे लाव्ह्याचे थर, तर पूर्वेकडे गेल्यावर त्याहून फार प्राचीन खडक. सीताबर्डी आणि सेमिनरी हिल्स या टेकड्या त्याच लाव्ह्याच्या. ज्यांच्या नावाने हिस्लॉप महाविद्यालय ओळखले जाते ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते, तसेच जाणते भूगर्भशास्त्रज्ञही होते, आणि शहरालगतच्या टाकळी परिसरात त्यांनी लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात जीवाश्म शोधले होते. भूगर्भशास्त्र शिकायला यावे असे शहर निवडण्यामागे याहून चांगले कारण मला तरी सुचत नाही.

दुपारी खोल्या पाहाव्यात. वसतिगृहात जागा मिळाल्यास उत्तमच, पण जागा कमी आणि अर्ज जास्त असल्याने दुसरी सोय हाताशी ठेवणे शहाणपणाचे. गोकुळपेठ, धरमपेठ, रामनगर, रवी नगर, भरत नगर, पांढराबोडी आणि पुढे वाडी-दत्तवाडी, असा शोधाचा पट्टा धरावा. शहराच्या आतल्या बाजूला भाडे जास्त आणि सोयी हाकेच्या अंतरावर, वाडीकडे भाडे कमी पण संध्याकाळी उशिरा परतताना बसवर विसंबणे कठीण. एकट्याने राहण्यापेक्षा दोघांनी मिळून गोकुळपेठेच्या आसपास खोली घेणे मला अधिक सोयीचे वाटते, कारण तिथे भाजीबाजार, मेस, झेरॉक्सची दुकाने आणि दवाखाने सगळे पायी अंतरावर आहे.

खोली पाहताना रंगरंगोटीकडे लक्ष न देता आधी खिडकी पाहावी. नागपुरात उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही, आणि कूलर बसवायला बाहेरच्या बाजूने मोकळी खिडकी, खाली स्टँडला जागा व टाकीत पाणी भरण्याची सोय लागते. खिडकी जिन्याकडे किंवा शेजारच्या भिंतीकडे उघडत असेल तर कूलर खोलीतली दमट हवाच फिरवत राहतो. घरमालकाला तीन प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत. कूलर चालवू देता का, विजेचे मीटर वेगळे आहे का आणि कूलरसाठी पाणी दिवसातून किती वेळ मिळते? एप्रिल-मेचे वीजबिल हिवाळ्यातल्या बिलाच्या कितीतरी पट येते, म्हणून ‘लाइट बिल भाड्यातच’ असे सांगितले असेल तर तेही करारात लिहून घ्यावे. वरच्या मजल्यावरची, थेट स्लॅबखालची खोली स्वस्त मिळते, पण मे महिन्यातल्या रात्री ती बारापर्यंत तापलेली राहते. तळमजल्याची खोली थंड असते, परंतु नाग नदी किंवा नाल्याच्या जवळच्या लेआउटमध्ये ती घेण्यापूर्वी २०२३ च्या सप्टेंबरात घरात पाणी शिरले होते का, हे घरमालकाला आणि त्याच्या शेजाऱ्यालाही विचारावे. भिंतीवर जमिनीपासून फूट-दोन फुटांवर ओलाव्याची आडवी रेघ किंवा नव्या रंगाचा पट्टा दिसला, तर उत्तर मिळालेच असे समजावे. अनामत रकमेची पावती घ्यावी, आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद करण्यासाठी मालक आधार कार्ड मागतो तेव्हा संकोचू नये.

मेस ठरवताना एक जेवण पैसे देऊन खाऊन पाहावे. वरणात डाळ किती, पोळ्या गरम मिळतात का आणि सुट्टीला गावी गेल्यावर तेवढ्या दिवसांचे पैसे कापतात का, हे तिन्ही महत्त्वाचे. बहुतेक मेस रविवारी दुपारी काहीतरी गोडधोड करतात आणि रात्री बंद ठेवतात. विद्यार्थ्यांची रविवारची रात्र बाहेरच्या खाण्यावर जाते ती यामुळेच, तेव्हा महिन्याचा हिशेब मांडताना तो खर्च धरावा.

संध्याकाळी फुटाळा तलावावर जावे. भोसलेकालीन असलेला हा तलाव तेलंगखेडी या नावानेही ओळखला जातो आणि त्याच्या काठची चौपाटी सुट्टीच्या दिवशी तरुणांनी फुललेली असते. शनिवार असल्यामुळे जवळच्या तेलंगखेडीच्या हनुमान मंदिरातही रांग असते. इथे दुचाकी लावताना वाहतूक पोलिसांनी आखलेली जागाच वापरावी, हा या संध्याकाळचा एकमेव गंभीर सल्ला.

रविवार: सिव्हिल लाइन्स आणि बर्डी (सीताबर्डी)

रविवारी कार्यालये बंद असली तरी जुना भाग पाहण्यास हा दिवस चांगला, कारण रस्ते मोकळे असतात. विद्यापीठ ग्रंथालय चौकातून सुरुवात करून महाराजबागेकडे चालत जावे. विद्यापीठाचे जुने कार्यालय याच बाजूला, रवींद्रनाथ टागोर मार्गावर आहे, आणि जुन्या पदव्यांच्या प्रती किंवा संलग्नतेची कागदपत्रे शोधणाऱ्यांच्या तोंडी अजूनही हाच पत्ता असतो. महाराजबाग हे भोसल्यांचे जुने उद्यान. आता ते कृषी महाविद्यालयाच्या ताब्यात असून त्यात प्राणिसंग्रहालय आहे. लहान भाऊ-बहीण सोबत असतील तर तासभर तिथे द्यावा, नसल्यास सरळ मध्यवर्ती संग्रहालयाकडे निघावे.

१८६३ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयाला नागपूरकर अजब बंगला म्हणतात. इथली शिल्पे, शिलालेख, शस्त्रे आणि आदिवासी जीवनाचे दालन विदर्भाचा इतिहास शिकणाऱ्याला पाठ्यपुस्तकाआधी पाहायला हवे. संग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणून ते रविवारच्या यादीत घेतले आहे. त्यानंतर उच्च न्यायालयाची नागपूर खंडपीठाची इमारत बाहेरून पाहावी. १९४० मध्ये पूर्ण झालेली ही घुमटाची वास्तू हेन्री मेड या वास्तुविशारदाने आखली. तिच्या समोरच्या रुंद, सावलीच्या रस्त्यांवरून चालताना जुन्या मध्य प्रांताच्या राजधानीची ऐट कळते. शून्य मैलाचा दगडही इथून जवळच आहे. वालुकाश्माचा खांब आणि चार घोडे यांचे छायाचित्र सगळेच काढतात, पण बाजूच्या दगडावर कोरलेली गावांची नावे आणि मैलांतली अंतरे वाचायला फार थोडे जण थांबतात. हा भारताचा भौगोलिक मध्यबिंदू असल्याचे जे ठामपणे सांगितले जाते, त्याकडे थोड्या संशयानेच पाहावे. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी, म्हणजे ब्रिटिश काळात झालेल्या देशाच्या मोजणीशी, असलेला त्याचा संबंध एवढाच मोलाचा आहे.

दुपारचे जेवण बर्डीत उरकावे. तिखट सोसत असेल तरच सावजी जेवणाच्या वाटेला जावे. नाहीतर पाटवडी रस्सा मागवावा, आणि हिवाळा असल्यास कोथिंबिरीच्या सारणाची सांबारवडी चुकवू नये. जेवणानंतर झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघाच्या वास्तूकडे नजर टाकावी. विद्यापीठाप्रमाणेच या संस्थेचा जन्मही १९२३ चा, आणि मराठीच्या विद्यार्थ्यांचे येणे-जाणे इथे पुढे होतच राहते. शालेय वह्यांपासून कूलरच्या सुट्या भागांपर्यंत सर्व खरेदी बर्डीच्या मुख्य रस्त्यावर आणि त्यालगतच्या, ‘मोदी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांत होते. रविवारी संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून चारच्या आत बाहेर पडावे.

तिथून दीक्षाभूमीवर जावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह इथे बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्या जागेवरचा भव्य स्तूप आणि अनुराधपूरहून आणलेल्या रोपापासून वाढलेला बोधिवृक्ष पाहताना आवाज खाली ठेवावा, स्तूपात जाण्यापूर्वी पादत्राणे काढावीत आणि छायाचित्रे काढण्याआधी तिथल्या सूचना वाचाव्यात. शेजारीच डॉ. आंबेडकर महाविद्यालय आहे. थोड्या अंतरावर, दक्षिण अंबाझरी मार्गावर विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे व्हीएनआयटी आहे. ती १९६० मध्ये प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झाली. नागपूर विद्यापीठाचा तो भाग नव्हे, आणि ओळखीच्या विद्यार्थ्याशिवाय आत जाण्याचा आग्रहही धरू नये.

रविवारी रात्री झोपण्यापूर्वी कागदपत्रांची फाइल लावावी. गुणपत्रिका, शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला, दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांसाठी स्थलांतर प्रमाणपत्र, लागू असल्यास जात प्रमाणपत्र, जात वैधता व नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र, आधार कार्ड आणि छायाचित्रे यांच्या प्रत्येकी दोन-तीन स्वसाक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात. विभागाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रवेशाच्या दिवसांत लांब रांग लागते, म्हणून हे काम गोकुळपेठेतच उरकावे. सोमवारी कार्यालय उघडण्याच्या वेळीच, वहीतल्या नकाशात काम नोंदवलेल्या इमारतीत हजर व्हावे. जेवणाच्या सुट्टीनंतर टेबलावरचा माणूस दुसऱ्या इमारतीत गेलेला असण्याची शक्यता बरीच असते.